पेणकर, रोहेकर, किहीमकर

गेल्या आठवड्यात बारावीला सांस्कृतिक भूगोल शिकवत होते. फळ्यावर तीन शब्द लिहिले, भाषा, धर्म, वांशिकता. जिल्ह्याचा कोरा नकाशा वाटला आणि म्हटलं, भरा रंग. वीस मिनिटांत गठ्ठा टेबलावर. मराठी केशरी, हिंदू केशरी, तोच खडू. मुसलमान वस्त्या हिरव्या आणि त्यांची भाषा सरसकट उर्दू. मुरुडकडून एसटीने येणाऱ्या एका मुलाने तर स्वतःच्या घरावरही उर्दूच लिहिलेलं. त्याला विचारलं, "घरी आईशी काय बोलतोस?" तो लाजला. म्हणाला, "ती आपली गावची भाषा, मॅडम. ती कशाला लिहायची?"

गावची भाषा म्हणजे कोकणी मुसलमानांची बोली. आमच्या घरी माझी आजी बोलायची तिच्यापासून फार तर दोन पावलं लांब. पण नकाशात भाषा धर्माच्या मागे मुकाट चालत गेली पाहिजे, हे त्याला कुणीतरी शिकवलंय. मी नाही. निदान मुद्दाम तरी नाही.

म्हणून ही लांबलचक पोस्ट. अलिबागमध्ये राहून हा विषय व्याख्या पाठ करून शिकवायचा म्हणजे समुद्रकाठी बसून बादलीत पोहायला शिकवण्यासारखं आहे.

आमच्याकडे इस्रायल आळी आहे. पर्यटकांना नावाची गंमत वाटते, फोटो काढतात, पुढे किहीमला जातात. या आळीतल्या माणसांची आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, आवासकर, नवगावकर, अष्टमकर. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, ही त्यांची मूळकथा. नवगावला त्याचं स्मारकही आहे. कथा किती जुनी यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि मला त्या वादात पडायचं नाही. मला आडनावांत रस आहे. दिवेकर घ्या. दिवेआगरचा ब्राह्मणही दिवेकर आणि 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझिकेलही दिवेकरच. कोकणात आडनाव आधी गाव सांगतं. देव कुठला ते नंतर, विचारलंत तर.

त्या सिनेगॉगला ही मंडळी काय म्हणत? मशीद. त्यांच्या धर्मकार्य चालवणाऱ्या, तंटे सोडवणाऱ्या माणसाला म्हणत काजी. सणांची जुनी नावं तर वर्गात वाचून दाखवावीत अशी आहेत. ज्यू नववर्ष तो नव्याचा सण. योम किप्पूरला दारं लावून घरात उपास करायचा, म्हणून दरफाळणीचा सण. पुरिम साधारण शिमग्याच्या सुमारास येतो, तर तो होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी बिरडं खायचं. एका उपासाच्या महिन्याला चक्क रमजान. नवस फेडताना एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मालिदा. मालिदा दर्ग्यावरही असतो, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

पण शब्द सगळे शेजाऱ्यांचे घेतले, नियम मात्र सोडला नाही. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. तेलाचा धंदा होता, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. गावाच्या लेखी ती एक जात होती. तेल्यांतली एक तऱ्हा. ज्यू हा शब्द त्यांना स्वतःलाही बराच उशिरा मिळाला. बिनखवल्यांचा मासा खात नाहीत, मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात, शेमा ही प्रार्थना तोंडपाठ आहे, एवढ्या खुणांवरून बाहेरून आलेल्या ज्यूंनी त्यांना ओळखलं.

इथे थांबले की पोस्ट गोड होते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे असले लेख इथेच थांबतात, "जगात फक्त इथे ज्यूंचा छळ झाला नाही" वगैरे. छळ झाला नाही हे खरंच आहे. पण कोकणात राहून पाणी लागलं ते सगळंच लागलं. याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन थर होते. मिश्र विवाहातून आलेल्यांना काळे म्हणायचं, त्यांच्याशी रोटीबेटी टाळायची. शेजाऱ्याकडून सणाचं नाव घेतलं तशी जातही घेतली.

पुढची गोष्ट तर वर्गात सांगताना मला दर वर्षी चीड येते. 1948 नंतर हजारो जण इस्रायलला गेले. आणि 1962 च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची तपासणी करा. तुम्ही पक्के ज्यू कशावरून? जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. 1964 साली सरकार मध्ये पडलं तेव्हा ते प्रकरण निवळलं. म्हणजे बघा, गावात तेली, मुंबईत ज्यू, आणि ज्यूंच्या देशात पोचल्यावर इंडियन. माणसं तीच. वांशिकता म्हणजे काय असं परीक्षेत आलं तर मी याच उत्तराला पूर्ण गुण देईन. बोर्ड देईल का, माहीत नाही.

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत त्या आळीतल्या. दोन्ही मुलं तिकडे. त्या म्हणतात, "तिथल्या दुकानात मला विचारतात इंडियातून कधी आलात, आणि इथे नवीन पोस्टमन विचारतो, मावशी, तुमचा देश कुठला." दोन्हीकडे राग येत नाही का, तर म्हणाल्या, पोस्टमनचा येतो. इस्रायलमधून मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघतं, ते मी पहिल्यांदा त्यांच्याकडेच पाहिलं.

आता याच रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर पुढे जा. चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथे घरात पोर्तुगीजातून तयार झालेली बोली बोलतात. तिला ते नोलिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजांनी चौल 1740 मध्ये सोडलं. राजा गेला, शिपाई गेले, भाषा राहिली. का राहिली? धर्म वेगळा म्हणून शेजारी वेगळे ठेवत, लग्नं आपसातच, गाव लहान. म्हणजे बेने इस्रायलांच्या बरोब्बर उलट. तिथे धर्म वेगळा राहून भाषा शेजाऱ्याची झाली, इथे धर्माच्या कुंपणानेच भाषा जपली. तरी मराठीने कुंपणाखालून हात घातलाच. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येऊन बसतं. लिस्बनचा माणूस गोंधळेल, नागावचा गोंधळणार नाही. बोलणारे आता हजाराच्या आत-बाहेर आहेत आणि शाळा मराठी आहे, तेव्हा किती दिवस हा प्रश्न आहेच.

(याच चौलला दहाव्या शतकात अल्-मसूदी हा अरब प्रवासी आला होता आणि इथे जन्मलेल्या अरबी वंशाच्या हजारो मुसलमानांबद्दल लिहून गेला. तेव्हा "बाहेरचे" कोण यावर कमेंटमध्ये भांडायचं असेल तर आधी कुठल्या सालापासून ते ठरवून या.)

मला वैताग येतो तो "मराठी माणूस" या शब्दाच्या आजच्या वापराचा. भाषेचं नाव घ्यायचं आणि मनात धर्म आणि जात धरायची. मराठी शाळा बंद पडतात तेव्हा ओरडणारे आम्हीच, आणि मुरुडच्या त्या पोराने आपली बोली नकाशातून स्वतःच खोडली तेव्हा आमचं काही हललं नाही. भाषेचा माणूस असा गळतो. तो मोजायला जनगणना लागत नाही, खडूची पेटी पुरते.

नकाशे मी परत दिलेत. या वेळी रंग नाहीत. प्रत्येकाने आपल्या गल्लीतली पाच आडनावं, त्यांची गावं, आणि घरात "इकडे ये" कसं म्हणतात ते जसंच्या तसं लिहून आणायचं. दिवाळीनंतर सगळ्यांना कोर्लईला न्यायचा विचार आहे. प्राचार्यांनी बस दिली तर ठीक, नाहीतर रेवदंड्यापर्यंत एसटी आणि पुढे सहा आसनी. मुरुडचा मुलगा म्हणाला, मॅडम, मी पलीकडूनच येतो, मला उलटं कशाला नेता. त्याला पुलावर भेटायला सांगितलंय.