अंगठ्याचं ऑपरेशन आणि मावशीची तापलेली वीट

"ताई, मावशींनी चुलीत वीट टाकलीय. आईंचा पाय शेकायला. मी काय करू?"

अमळनेरहून वहिनीचा हा फोन आला तेव्हा मी जळगावात, बँकेच्या रांगेत उभी होते. आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या ऑपरेशनला त्या दिवशी आठवा दिवस होता. टाके अजून निघाले नव्हते. मागून मावशीचा आवाज ऐकू येत होता, "अवं माय, कसाले घाबरस? शेकी ले जराखा!"

मावशी प्रेमळ आहे, यात वाद नाही. पण ही वीट तिच्या डोक्यातून आलेली नव्हती. आदल्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला होता: "अंगठ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत." लाल बाण, जोडलेले हात, शेवटी "पुण्य मिळवा, दहा जणांना पाठवा". मला तो दोन दिवसांत चौघांकडून आला. मेसेजमध्ये होतं ते थोडक्यात असं. तिसऱ्या दिवसापासून अनवाणी चाला, नाहीतर सांधा कायमचा आखडेल. पाय उशीवर ठेवू नका, रक्त पोचत नाही आणि हाड वाळतं. रोज गरम विटेचा शेक घ्या. टाक्यांवर हळद-चुन्याचा लेप लावा. पोटरीला कढत तेलाने मालिश करा. वांगं, केळं, आंबट बंद. डिंकाचे लाडू चालू. पेनकिलर फेकून द्या. आणि सहा महिन्यांत स्क्रू काढून घ्या, नाहीतर आत गंजतो.

आठ-नऊ सल्ले. त्यातले तीन तर सरळ दवाखान्याची वाट दाखवणारे. म्हणून हे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं तर "शिकलेली झाली मोठी" असं ऐकावं लागतं.

आधी वीट. ऑपरेशनच्या वेळी पाऊल बधिर करतात, ते बधिरपण काही तासांनी उतरतं. पण कातडीतल्या बारीक नसा कापताना, ओढताना दुखावतात, आणि अंगठ्याच्या कडेचा भाग पुढे कितीतरी आठवडे, कधी महिने, सुन्न राहू शकतो. आईला आजही अंगठ्याच्या आतल्या बाजूला बोट लावलेलं नीट कळत नाही. त्यात तिला बारा वर्षांपासून साखर. साखरेच्या माणसाच्या तळपायाची जाणीव तशीही कमी झालेली असू शकते. अशा पायाला चुलीतली वीट लावली, तर भाजतंय हे तिला कळणार कसं? कातडी पांढरी पडून फोड आल्यावर वहिनीला दिसलं असतं, तेव्हा. आणि साखरेच्या माणसाच्या पायावरचा फोड म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असं एखादं बोट काढावं लागलंय त्याला विचारा.

बरं, भाजलं नाही असं धरू. तरी ताज्या जखमेला उष्णता दिली की तिथे रक्त जास्त धावतं आणि सूज वाढते. पहिल्या आठवड्यांत सगळी खटपट असते ती सूज उतरवायची. बर्फसुद्धा द्यायचा तर कपड्यात गुंडाळून, थोडा वेळ, आणि पाय सुन्न असेल तर डॉक्टरांना विचारूनच. विटेवर उभं राहायचं काम पांडुरंगाचं. माझ्या आईचं नाही.

मी वहिनीला सांगितलं, "वीट चुलीतून काढ, त्यावर पाणी ओत आणि मावशीला चहा दे." तिने तिन्ही केलं.

आता लेप. हळद घरोघरी लावतात, कापलं-खरचटलं की मीही लावते. पण चुना? ओला चुना दाहक असतो, पानात जास्त पडला की जीभ पोळते ती उगाच नाही. तो टाक्यांवर चोपडायचा? आणि त्याहून वाईट गोष्ट रंगाची आहे. हळदीत चुना पडला की लाल होतो. कुंकू असंच करतात, आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या करायच्या. ऑपरेशननंतर घरच्यांनी रोज बघायचं असतं ते हेच की टाक्यांभोवती लाली वाढतेय का, पसरतेय का. तिथेच लाल लेप थापल्यावर बघणार काय? ड्रेसिंग डॉक्टरांनी बांधलं, डॉक्टरांनीच सोडावं. आमच्याकडे आंघोळीच्या वेळी जाड प्लास्टिकची पिशवी, वर दोन रबर, आणि पाय बाहेर स्टुलावर. उन्हाळा असा की बाहेर पारा ४४ वर. कूलरसमोर बसूनही पट्टी घामाने दमट व्हायची, म्हणून वहिनी दिवसातून दोनदा पाय लांब करून वारा घालायची. ड्रेसिंग ओलं झालं, वास आला, पू दिसला किंवा ताप भरला तर थेट फोन. लेप नाही.

तिसऱ्या दिवसापासून चाला, नाहीतर सांधा आखडेल. हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग डोकं फिरलं. कारण आईचं ऑपरेशन होतं तेच मुळी सांधा आखडवण्याचं!

अंगठ्याच्या बुडाशी जो सांधा असतो, पाऊल उचलताना शेवटचा रेटा त्याच्यावर येतो. आईचा तो सांधा झिजून हाडाला हाड घासत होतं. वर हाडाची गाठ आलेली, चपलेचा पट्टा तिथेच काचायचा. डॉक्टर त्याला हॅलक्स रिजिडस म्हणाले, म्हणजे ताठरलेला अंगठा. त्यांनी उरलीसुरली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, काढून दोन्ही हाडं एकमेकांना टेकवली आणि प्लेट-स्क्रूने बांधली. मोडलेलं हाड जुळतं तशी ती दोन हाडं जुळून एक व्हायची. सांधा हलायचा बंद झाला की घासणंही बंद आणि दुखणंही. तर ज्या सांध्याने कायमचं आखडावं म्हणून एवढा खर्च केला, तो आखडू नये म्हणून तिसऱ्या दिवशी त्याच्यावर सत्तर किलोचं वजन टाकायचं! अर्धवट सुकलेल्या सिमेंटवरून बैलगाडी नेण्यासारखं आहे हे.

यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. सांधा न जोडता नुसती वरची हाडाची वाढ तासून काढतात, असंही एक ऑपरेशन असतं. त्यात अंगठा लवकर हलवायला सांगतात, कारण तिथे सांधा ठेवायचा असतो. वाकडा अंगठा सरळ करण्याच्या ऑपरेशननंतरही पुढे व्यायाम असतात. म्हणजे एकाला "हलव" आणि दुसऱ्याला "अजिबात हलवू नको" असं डॉक्टर सांगतात, आणि दोघंही बरोबर असतात. ऑपरेशन कोणतं हे न विचारता सगळ्यांना एकच सल्ला देणारा माणूस वैद्य नसतो, तो फॉरवर्ड करणारा असतो.

चालणं पूर्ण बंद नसतंच. आईला पहिल्याच दिवशी ऑपरेशनचा तो कडक तळाचा बूट दिला. तो घालून, वॉकर धरून, टाचेवर भार देत संडासपर्यंत जायचं आणि परत. एवढंच. आमच्या घरात खरी अडचण संडासचीच होती. उकिडवं बसलं की पायाची बोटं मुडपतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. भावाने ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच भोकाची प्लास्टिक खुर्ची आणून ठेवली. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. विटेवर मात्र अख्खा परिच्छेद.

किती दिवस हे सांभाळायचं, तर माझा एकच आधार सांगते. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा. वाकड्या अंगठ्याच्या, म्हणजे याच सांध्याच्या ऑपरेशनबद्दल त्यांनी लोकांसाठी साध्या भाषेत लिहून ठेवलंय: किमान २ आठवडे शक्य तितकं पायावर उभं राहू नका, ६ ते ८ आठवडे गाडी चालवू नका, कामावरून ६ ते १२ आठवडे सुट्टी, आणि खेळणं-पळणं ६ महिन्यांपर्यंत बंद. आईच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं याच्याशी तंतोतंत नसेल, पण त्याच वाटेवरचं होतं. कुठे तीन दिवस आणि कुठे हे!

आणि या तीन दिवसांच्या गप्पेने आमच्याकडे काय केलं ते ऐका. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. मेसेज वाचून आईने ठरवूनच टाकलं की आपण आता बऱ्या, आखाजीला खापरावर मांडे आपणच करणार. मी सांगून थकले. एका संध्याकाळी सगळे अंगणात असताना बाई स्वयंपाकघरात जाऊन पुरण शिजवायला उभ्या राहिल्या. बूट न घालता, पंचवीस मिनिटं. वहिनीने पाहिलं तेव्हा पाऊल जांभळं पडलेलं, बोटं फुगून एकमेकांना चिकटलेली, पट्टीची कड कातडीत रुतलेली. घाबरून मला व्हिडिओ कॉल. पलंगावर आडवं करून पायाखाली दोन उशा आणि एक दुमडलेली गोधडी घातली. तासाभरात रंग फिरला.

म्हणूनच "पाय उशीवर ठेवू नका" हे वाचून चीड येते. पाय खाली लोंबला की रक्त आणि पाणी पावलात साचतं, सूज येते, टाके ताणतात, ठणका लागतो. छातीच्या पातळीपेक्षा पाय थोडा वर ठेवला की ते उतरतं. नुसतं खुर्चीत बसून समोर पाट ठेवणं पुरत नाही, आडवं व्हावं लागतं. रक्त पोचायचं थांबत नाही. हृदय कशासाठी आहे मग? (ज्यांच्या पायाच्या धमन्याच आधीपासून अरुंद आहेत, त्यांचं वेगळं, पण ते डॉक्टर ऑपरेशनच्या आधीच तपासतात.)

पोटरीचं मालिश. हा मुद्दा दिसायला साधा, पण विटेइतकाच घातक. ऑपरेशननंतर माणूस पडून असतो, पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. पोटरी दुखते, सुजते, गरम लागते. आणि नेमकं तेव्हाच घरातलं कोणीतरी तेलाची वाटी घेऊन बसतं. चोळल्याने गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. एक पोटरी दुखायला-सुजायला लागली की त्याच दिवशी दवाखाना; धाप लागली, छातीत दुखलं तर त्याच मिनिटाला. तेल डोक्याला लावा.

खाण्याचं लवकर उरकते. वांग्याने आणि केळ्याने पू होतो म्हणे. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पू होत असता तर अख्खा जिल्हा पट्ट्या बांधून फिरला असता. आंबट बंद करणं तर उलटंच, कारण जखम भरायला क जीवनसत्त्व लागतं आणि ते लिंबा-आवळ्यात आहे. डिंकाचे लाडू ज्याला साखर नाही त्याने खुशाल खावेत. आईला गूळ-तुपाचे लाडू देणं म्हणजे साखर वाढवणं, आणि साखर वाढली की जखम रेंगाळते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र हाड जुळायच्या खरी आड येते: तंबाखू. बिडी-सिगारेटच नाही, मशेरीसुद्धा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी आईला हेच पहिलं विचारलं होतं. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी सकाळ मशेरीने उजाडते. मावशीची तर नक्कीच.

पेनकिलर फेकून द्या, याच्या मुळाशी थोडं काही आहे. सूज उतरवणाऱ्या काही गोळ्यांनी हाड जुळायला उशीर होतो का, यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. मग कोणती गोळी, किती दिवस, हे त्यांना विचारावं. गोळी फेकून रात्रभर कण्हत बसल्याने हाड जुळत नाही.

स्क्रू गंजत नाही. टिटॅनियमचा असतो नाहीतर शरीरात घालायच्या खास स्टीलचा. टोचायला लागला, सैल झाला तर काढतात, नाहीतर तो जन्मभर तिथेच राहतो. पानटपरीच्या पत्र्याचा हिशोब इथे लावू नये.

आखाजीला मांडे वहिनीने केले. पहिले दोन खापरावर फाटले, आई पलंगावरून, पाय उशांवर ठेवून, मोठमोठ्याने सूचना करत होती. सातव्या आठवड्यात एक्स-रे काढला, दोन हाडांमधली फट भरत आलेली दिसली. अजून संध्याकाळी सूज येते, ती काही महिने येत राहील असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. मावशी मात्र सगळ्या गल्लीला सांगत फिरतेय की तिच्या डिंकाच्या लाडवांनी हाड जुळलं. तो डबा पहिल्याच आठवड्यात भाच्यांनी संपवला, हे अजून तिला कोणी सांगितलेलं नाही.