रामचंद्रन यांचं नाव राहून गेलं

सीटी स्कॅनच्या शोधावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. त्याचं श्रेय हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना दिलंत ते योग्यच, १९७९ चं नोबेल त्यांनाच मिळालं. पण भारतीय शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांचा उल्लेख हवाच होता. कोलॅजन या कातडी-हाडांतल्या प्रथिनाच्या रचनेसाठी आपण त्यांना ओळखतो. १९७१ मध्ये त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून त्रिमिती आकार उभा करण्याची रीत मांडली.

वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या सावल्या (म्हणजे क्ष-किरण चित्रं) जशाच्या तशा मागे पसरवल्या, तर चित्र धुरकट येतं, प्रत्येक ठिपक्याभोवती प्रभावळ उरते. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी दाखवलं, की प्रत्येक सावली आधी एका गणिती चाळणीतून काढून तिच्या कडा धारदार करायच्या आणि मगच पसरवायची. फूरिये रूपांतराचा, म्हणजे चित्र लहरींमध्ये मोडून पुन्हा जोडण्याच्या गणिताचा, वळसा घ्यायची गरजच नाही! या चाळणीचं ‘रॅम-लॅक फिल्टर’ हे नाव त्या दोघांचंच. त्याआधी १९६८ मध्ये क्लुग आणि डीरोझिए या शास्त्रज्ञांनी टी४ या जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूची शेपटी अशीच चित्रांवरून उभी केली होती. ती मळसूत्री असल्यानं एकाच चित्रात तिच्या अनेक बाजू सापडतात, काय सुंदर युक्ती!

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये पडली. तिचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टर माऊसचं चाक फिरवत त्यातला एकेक काप दाखवत होते, आणि एका कापात कवटीच्या आतल्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसली. साकळलेलं रक्त. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. आता ती रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाते.