कांतो कार्ट्रिजमध्ये कोणी बसवला? सातोरू इवाता यांच्याविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

निन्टेन्डो या जपानी व्हिडिओगेम कंपनीचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता यांच्याविषयी एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम साठवणाऱ्या छोट्या डबीत, मावत नव्हते, तेव्हा निन्टेन्डोच्या या अध्यक्षांनी एकट्याने सगळा गेम कॉम्प्रेस केला, म्हणजे त्याची माहिती कमी जागेत मावेल अशी आवळली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधीच्या गेममधला कांतो हा अख्खा प्रदेश बसवला, असे त्यात म्हटलेले असते. इवाता यांच्याविषयी मला नितांत आदर आहे आणि म्हणूनच हा दावा खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

पदाचा घोळ लगेच मिटतो. हे गेम जपानमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये आले. इवाता निन्टेन्डोत रुजू झाले २००० साली आणि अध्यक्ष झाले २००२ साली. गोल्ड-सिल्व्हरचे काम चालू असताना ते हॅल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना, १९९३ साली, त्यांनी तिची सूत्रे हाती घेतली होती.

मुख्य प्रश्न आहे तो नेमके काय कॉम्प्रेस झाले हा. इवाता यांनी कॉम्प्रेस करण्याची सॉफ्टवेअर साधने तयार केली ती पोकेमॉनच्या, म्हणजे गेममधल्या प्राण्यांच्या, चित्रांसाठी, हे त्या गेमच्या निर्मात्यांनीच त्यांच्याशी झालेल्या जाहीर संभाषणात सांगितले आहे. नकाशाला मुळात फारशी जागा लागत नाही. या गेममध्ये नकाशाच्या ३२ बाय ३२ पिक्सेलच्या प्रत्येक ठोकळ्यासाठी एक बाइट खर्च होतो. कांतोमधले पॅलेट टाउन हे गाव १० ठोकळे रुंद आणि ९ ठोकळे उंच आहे, म्हणजे त्याचा आराखडा अवघ्या ९० बाइटांत येतो, तोही कॉम्प्रेस न करता. याउलट पोकेमॉनचे ५६ बाय ५६ पिक्सेलचे एकच चित्र कॉम्प्रेस न करता ठेवले, तर ७८४ बाइट घेते, आणि पोकेमॉन होते २५१. चित्रांवर वाचलेली जागा इतरत्र उपयोगी पडली असेलच. पण त्यावरून कांतोचे सारे श्रेय एका साधनाला देता येत नाही. शिवाय चित्रे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या आधीच्या पोकेमॉन गेममध्येही कॉम्प्रेस केलेलीच होती.

कार्ट्रिजच मोठे झाले होते, ही गोष्ट तर हा मजकूर पूर्णपणे गाळतो. जपानी ‘रेड-ग्रीन’ ५१२ किलोबाइटचे होते, जपानी ‘गोल्ड-सिल्व्हर’ १ मेगाबाइटचे.

या दंतकथेमुळे त्यांचे खरे आणि माझ्या मते अधिक अवघड काम झाकले जाते. ‘पोकेमॉन स्टेडियम’ या गेमसाठी गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरची पोकेमॉनच्या लढतीची प्रणाली निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर न्यायची होती आणि तिचे कोणतेही लेखी तपशीलपत्रक नव्हते. इवाता यांनी दुसऱ्याने लिहिलेला मूळ कोड वाचून, त्यातला प्रत्येक नियम उलगडून, ती सुमारे आठवडाभरात नव्या यंत्रावर चालवून दाखवली. मूळ कोड लिहिणारे शिगेकी मोरिमोतो हेही त्या वेगाने चकित झाले होते. पुढे २००१ साली, निन्टेन्डोत व्यवस्थापनाच्या पदावर असतानाही, ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ हा गेम रखडू नये म्हणून ते पुन्हा हॅलमध्ये जाऊन बसले आणि तीन आठवडे त्यातले बग, म्हणजे कोडमधल्या चुका, शोधत राहिले.