गाडीच्या आधी इंधन

विकसनशील देशांनी युरो ६ दर्जाची उत्सर्जन मानके (गाडीच्या धुरातल्या प्रदूषणावर मर्यादा घालणारे युरोपीय संघाचे नियम) स्वीकारावीत का, ही चर्चा बहुतेक वेळा गाडीच्या वाढणाऱ्या किमतीपाशीच अडते. माझ्या मते टाकीत पडणारे इंधन आणि गाडी रस्त्यावर आल्यानंतरची तपासणी, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे.

आधुनिक डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा सच्छिद्र सिरॅमिकचा फिल्टर असतो. साचलेली काजळी अधूनमधून सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकावी लागते आणि हे काम सोपे करणारा उत्प्रेरक इंधनातल्या गंधकाने निकामी होत जातो. म्हणूनच या मानकासाठी दहा लाख भागांत १० भाग इतकेच गंधक असलेले डिझेल लागते. काही देशांत अजूनही याच्या शंभर पटींहून अधिक गंधकाचे डिझेल विकले जाते. तिथे फिल्टर तुंबतो, इंजिनाचा जोर जातो आणि शेवटी मेकॅनिक फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देतो. कागदोपत्री गाडी युरो ६ची राहते, धूर मात्र जुन्याच गाडीचा. रोजीरोटीसाठी गाडी चालवणाऱ्या मालकाला याबद्दल दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

गरीब देशांना हे झेपणार नाही, हा युक्तिवादही मला पटत नाही. भारताने बीएस-५ (‘भारत स्टेज’, म्हणजे युरो मानकांवर बेतलेली भारतीय मानके) हा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू केले आणि त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांवर आधी मोठा खर्च केला. इंधन आधी, गाडी नंतर, हाच क्रम योग्य आहे.

श्रीमंत देशांची जबाबदारी मात्र कोणी बोलून दाखवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या. त्यांतल्या सुमारे ४० टक्के आफ्रिकेत गेल्या. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम हे मौल्यवान धातू असतात; त्यांच्या लोभाने काही गाड्यांतले कन्व्हर्टर आधीच काढलेले असतात.

धुराचा काळेपणा मोजणाऱ्या जुन्या यंत्राला फिल्टर काढलेला आहे की नाही, हे बहुधा कळतच नाही. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी त्यासाठी सूक्ष्म कणांची संख्या मोजणारी चाचणी सुरू केली आहे. स्वतःच्या नागरिकांसाठी जी चाचणी आवश्यक ठरली, तीच निर्यातीची गाडी जहाजावर चढण्यापूर्वी सक्तीची करावी आणि नापास गाडी बंदरातूनच परत पाठवावी.