‘अकराची वेळ देऊन डॉक्टर दीडला आल्या’ : जनावरांच्या दवाखान्याकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. ब्रूनोला आणि तुम्हाला ताटकळावं लागलं याबद्दल मनापासून दिलगीर आहे. रविवारी सुट्टीच्या दिवशी मुंबईहून आलेल्या माणसाचा वेळ मोलाचा असतो, हे मला कळतं.

बदलापूर-नेरळ-कर्जत भागातल्या तीन ठिकाणांची तुम्ही तुलना केली आहे. बदलापूरच्या पेट क्लिनिकला साडेचार, सरकारी दवाखान्याला तीन, आम्हाला दोन तारे. कारणं तीन दिली आहेत : ‘अकराची वेळ देऊन अडीच तास बसवलं’, ‘डॉक्टर चिखलाच्या बुटांनी आल्या, हायजीन शून्य’, आणि ‘घोड्यांच्या डॉक्टरकडे कुत्रा नेऊ नका’. पंखा एकच आहे, बाकडं मोडकं आहे, हेही लिहिलंय. ते खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण अडीच तास, सर?

तुमची वेळ अकराची होती. दहा वाजून आठ मिनिटांनी आमच्या मदतनीस ताईंनी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केलं : ‘मॅडम इमर्जन्सीला माथेरानला गेल्या आहेत, यायला दीड होईल, चालत असेल तर संध्याकाळी पाचला या.’ त्याखाली दोन निळ्या टिका आहेत आणि तुमचा अंगठाही आहे. त्यानंतर तुम्ही आलात पावणेबाराला. मी आले एक वीसला. म्हणजे एक तास पस्तीस मिनिटं, आणि तीसुद्धा आधी कळवून. दारावर कॅमेरा आहे म्हणून इतकं नेमकं सांगू शकते. एक तास पस्तीस मिनिटंही कमी नाहीत, पण त्यांचे अडीच तास होत नाहीत.

आता मी कुठे होते ते सांगते, कारण ‘डॉक्टर गायब’ हे शब्द मला फार लागले.

दहाला दहा कमी असताना वरून एका अश्वपालांचा फोन आला. घोडी रात्रीपासून वैरण तोंडात घेत नव्हती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती आणि आता लोळायला लागली होती. हा पोटशूळ. सुट्टीच्या गर्दीत जनावर दिवसभर पळतं, पाणी कमी पडतं, कोरडी वैरण आतड्यात घट्ट बसते. कुत्र्याचं पोट बिघडलं तर तो ओकून मोकळा होतो. घोड्याला ओकता येत नाही, त्याची शरीररचनाच तशी आहे. आत गॅस आणि पाणी साठत गेलं तर जठर फुटू शकतं. त्या घोडीला दवाखान्यात घेऊन या, असंही सांगता येत नाही. वेदनेनं लोळणारं जनावर घाटातून कोण खाली आणणार?

दस्तुरीच्या वाहनतळापर्यंत माझी गाडी जाते. पुढे माथेरानमध्ये गाड्यांना बंदी आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच. बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर जाताना त्यांच्याच दुसऱ्या घोड्यावरून गेले. (घोड्यांवर उपचार करते, पण घोड्यावर बसायची मला अजून भीती वाटते. हसलात तरी चालेल.) येताना चालत आले.

घोडीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्ट होते. शांत उभ्या असलेल्या घोड्याचे साधारण अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात. हिरड्या फिकट, डाव्या कुशीला कान लावला तर आतड्यांचा आवाज जवळजवळ बंद. नाकातून नळी घालायची, ती गिळताना मानेच्या डाव्या बाजूला सरकलेली हाताला लागली पाहिजे, मग ती जठरातच उतरली याची पुन्हा खात्री करायची. नळी चुकून श्वासनळीत गेली आणि वरून दोन-अडीच लिटर लिक्विड पॅराफिन ओतलं, तर घोडी माझ्याच हातानं गेली. हे घाईचं काम नाही. वेदनाशामक टोचल्यावरही लगेच निघता येत नाही. इंजेक्शननं दुखणं दबतं. आतड्याला पीळ असेल तर तासाभरात ते पुन्हा डोकं वर काढतं, आणि मग गोष्ट ऑपरेशनवर जाते. म्हणून थांबले. सव्वाबाराच्या सुमाराला ठोके उतरले, तिनं लीद टाकली, तेव्हा पिशवी उचलली.

तुम्ही फोटो टाकलाय त्या बुटांची लाल माती तिथली आहे. सर, फोटो नीट बघा. बूट दवाखान्याच्या बाहेरच्या पायरीवर आहेत. मी ते तिथेच काढले, कोपरापर्यंत हात धुतले, अ‍ॅप्रन बदलला आणि आतल्या चपला घालून ब्रूनोला हात लावला. तुम्ही समोरच उभे होतात.

ब्रूनोच्या कानाला पंधरा दिवसांपासून खाज होती, असं तुम्हीच सांगितलंत. लॅब्रेडॉरचे कान लोंबते, त्यात फार्महाऊसच्या तलावात रोज डुंबणं, त्यात हा परतीचा पाऊस. त्याला त्रास होत होता, हे मान्य. पण पंधरा दिवसांची खाज आणि दोन तासांत दगावू शकणारी घोडी या दोन्ही समोर असतील तर मी पुढच्या वेळीही आधी वरच जाईन. तुमच्या ब्रूनोला साप चावला असता, तर घोडेवाल्याला थांबवलं असतं. रविवारी ताप आलेली मांजर घेऊन एक मुलगीही बसली होती. तिलाही थांबावं लागलं, तिचीही मी माफी मागितली.

तुलनेबद्दल थोडं. बदलापूरचं क्लिनिक चांगलंच आहे. एक्स-रे आणि सोनोग्राफीसाठी मी स्वतः माझे पेशंट तिकडे पाठवते. पण ते फक्त कुत्री-मांजरं बघतात, तेही एसीत, ठरल्या वेळेत. गाय अडली म्हणून त्यांना कुणी मध्यरात्री उठवत नाही. सरकारी दवाखान्यात काही रुपयांत काम होतं, लाळ्या-खुरकूताची लस मिळते, 1962 ला फोन केला की फिरतं पथक येतं. पण त्या डॉक्टरांकडे किती गावं असतात ते एकदा विचारा, मग त्यांचे तीन तारेही तुम्हाला कमी वाटतील. या दोघांच्या शेजारी मला एकाच तक्त्यात बसवलंत. मी एकटी आहे. सकाळी व्यायलेल्या म्हशीची अडकलेली वार काढते, दुपारी घोड्याला नळी घालते, संध्याकाळी कुत्र्याच्या कानात बघते.

पैशांचं एका ओळीत : आमच्या सातशे रुपयांत तपासणी, कानातल्या मळाची काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि कान धुणं, तिन्ही आलं. बदलापूरचे पाचशे नुसत्या तपासणीचे आहेत.

आणि खरं सांगायचं तर या दवाखान्याचं भाडं गायी-घोड्यांवर निघत नाही. घोडेवाल्यांची उधारी दिवाळीच्या सीझनपर्यंत चालते, शेतकऱ्याची दुधाच्या पगारापर्यंत. भाडं निघतं तुमच्यासारख्या फार्महाऊसवाल्यांच्या कुत्र्यांवर. तुमचा अभिप्राय आल्यापासून लसीकरणाच्या दोन वेळा रद्द झाल्या. दोघांनीही कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ‘घोड्यांच्या डॉक्टरकडे कुत्रा नेऊ नका’ हे वाक्य लिहिताना एवढा विचार तुमच्या मनात आला नसेल. पदवी एकच असते, सर. मुंबईच्या परळच्या कॉलेजात आम्हाला कुत्रा, गाय, घोडा, कोंबडी सगळंच शिकवलं.

सुधारणा करतोय. दुसरा पंखा या आठवड्यात लागेल, बाकडंही बघतो. रविवारी दोन-तीन तास दुसरे डॉक्टर बसतील का, यासाठी एक-दोघांशी बोलणं चालू आहे, जमलं की कळवू. इमर्जन्सी आली तर यापुढे मेसेजसोबत फोनही करू, म्हणजे ‘कळलं नाही’ असं कुणाला म्हणावं लागणार नाही.

तारे बदला असं मी म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. फक्त ‘अडीच तास’ एवढं दुरुस्त केलंत तर बरं होईल.

ब्रूनोच्या कानात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सापडलं होतं. थेंब सात दिवस सकाळ-संध्याकाळ घालायचे आणि मग कान परत दाखवायचा. खाज थांबली म्हणून मधेच बंद करू नका, आणि कानात कोमट तेल तर अजिबात घालू नका. आमच्याकडे यायचं नसेल तर बदलापूरला दाखवा. केसपेपर आणि काचेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवलाय, तिथल्या डॉक्टरांना दाखवला की पुन्हा तपासणीचा खर्च पडणार नाही.