ग्रहणात विळी धरली म्हणून डाउन सिंड्रोम होत नाही

ग्रहण जवळ आलं की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हटकून येतो. त्यातलं म्हणणं असं: गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली की मूल ‘डाउन’चं होतं, तिशीच्या आत बाळंतपण उरकलं तर धोका नाही, तरी झालंच तर घराण्यात दोष, आणि अमुक काढ्याने जास्तीचं गुणसूत्र निघून जातं.

आधी विळीचं बघू. डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीनदा असतं, म्हणून ४६ ची बेरीज ४७ होते. पॅरिसमध्ये १९५९ साली हे सिद्ध झालं. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीजात होते, क्वचित शुक्राणूत. आता गंमत बघा. स्त्रीबीजात गुणसूत्रांच्या जोड्या सोडवणारं विभाजन सुरू होतं ते बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना! मग ते अर्ध्यावर थांबतं आणि बीज बाहेर पडायच्या वेळी पुढे सरकतं. इतकी वर्षं ताटकळलेली जोडी कधीकधी सुटतच नाही, दोन्ही गुणसूत्रं एकाच बीजात जातात. थोड्या मुलांत चूक गर्भ राहिल्यावर होते, पण तीही पहिल्या काही पेशीविभाजनांत, पाळी चुकायच्या आधी. सातव्या महिन्यातल्या विळीचा यात संबंध कुठे आला?

वयाचं अर्धं खरं आहे. विशीत साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक, पस्तिशीला साडेतीनशेमागे एक, चाळिशीला शंभरामागे एक. शून्य कधीच नाही. म्हणून तर तरुण बाईलाही ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सांगतात.

काढ्यावर शब्द कशाला खर्च करायचे? जास्तीचं गुणसूत्र बहुतेक मुलांच्या पेशीपेशीत असतं. उपचार असतात ते हृदयाच्या दोषावर, थायरॉइडवर, कानांवर, बोलण्यावर, आणि त्यांनी खूप फरक पडतो.

राहिलं घराणं. सुमारे ९५ टक्के मुलांत ही निव्वळ योगायोगाची चूक असते. तीन-चार टक्क्यांत जास्तीचं २१ दुसऱ्या गुणसूत्राला, बरेचदा १४ ला, चिकटलेलं असतं, आणि त्यातल्या काहींच्याच आई किंवा वडिलांत तो जोड आधीपासून असतो. अशा आईची किंवा वडिलांची गुणसूत्रं मोजली तर ४५, कारण चिकटलेली दोन एकच मोजली जातात; तब्येत ठणठणीत. हे कळतं बाळाच्या कॅरिओटाइपवरून: थोडं रक्त, पेशी दोन-तीन दिवस वाढवायच्या, विभाजन मध्येच थांबवायचं, रंग देऊन गुणसूत्रांच्या जोड्या लावायच्या. रिपोर्टवर ‘४७’ आणि ‘+२१’ असेल तर मावशी-आत्यांच्या लग्नांची काळजी नको. जोड दिसला तर मात्र आईवडील दोघांचं रक्त तपासा. नुसतं सुनेचं नव्हे.