अँजेला बक्स्टन: एका ओळीत न मावणारी कारकीर्द

१९५६ सालच्या विम्बल्डनमध्ये महिला दुहेरीचे विजेतेपद अल्थिया गिब्सन आणि अँजेला बक्स्टन या जोडीने मिळवले. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून गिब्सन यांच्याविषयी भरपूर लिहिले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु बक्स्टन यांना ‘गिब्सन यांची जोडीदार’ एवढ्याच ओळखीवर आटोपणे मला अन्यायाचे वाटते.

१९३४ साली लिव्हरपूलच्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या बक्स्टन लंडनला आल्या, तेव्हा ज्या क्लबच्या मैदानावर त्या प्रशिक्षण घेत होत्या, त्याच क्लबने त्यांना सदस्यत्व नाकारले. खेळात उणे काहीच नव्हते, ज्यू असणे तेवढे आडवे आले. १९५३ साली इस्राएलमधील मकाबिया या जगभरातील ज्यू खेळाडूंच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून त्या परतल्या.

गिब्सन यांच्याशी त्यांची ओळख झाली ती आपल्याकडे, भारताच्या दौऱ्यावर असताना. (आपल्या टेनिसप्रेमींपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?) एकीला वर्णामुळे आणि दुसरीला धर्मामुळे दूर ठेवले जात होते, त्यामुळे दोघींनाही दुहेरीसाठी कायमची जोडीदार नव्हती. बक्स्टन यांचे प्रशिक्षक जिमी जोन्स यांनी दोघींना एकत्र खेळण्याचे सुचवले आणि १९५६ मध्ये आधी फ्रेंच व मग विम्बल्डन अशी दोन्ही दुहेरी विजेतेपदे त्यांच्या हाती आली. त्याच विम्बल्डनमध्ये बक्स्टन एकेरीच्या अंतिम फेरीतही पोहोचल्या. १९३९ नंतर तिथवर मजल मारणारी ब्रिटिश महिला कोणी नव्हती. शर्ली फ्राय यांनी त्यांना ६-३, ६-१ असे हरवले, पण एवढ्याने त्या कामगिरीचे मोल घटत नाही.

पुढे मनगटाच्या दुखापतीने घात केला आणि अवघ्या बावीस-तेविसाव्या वर्षी त्यांना स्पर्धात्मक टेनिस सोडावे लागले.

१९९५ साली आजारपण आणि दारिद्र्य यांनी खचलेल्या गिब्सन यांनी त्यांना दूरध्वनी केला व जीव देण्याचा विचार बोलून दाखवला. बक्स्टन यांनी एका टेनिस नियतकालिकातून मदतीचे आवाहन घडवून आणले आणि जगभरातून सुमारे दहा लाख डॉलर जमा झाले. माझ्या मते मैदानावरच्या भागीदारीचाच हा पुढचा डाव होता.

विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबकडे सदस्यत्वासाठी आपण १९५०च्या दशकातच अर्ज केला होता, असे त्या मुलाखतींत सांगत. २०२० साली, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते सदस्यत्व त्यांना मिळालेले नव्हते.